मुक्या जिवाची नसबंदी आणि आपल्यावरील अमानत

काही महिन्यांपूर्वी नालासोपारा पश्चिमेच्या सोपारा गावातील एका भगिनीने एक प्रश्न विचारला. प्रश्न वरवर घरगुती होता, पण तो मनातून जाता जात नाही. त्यांच्या घरी एक मांजर आहे. दीड वर्षात ती तीनदा व्याली. पहिल्या खेपेची पिल्ले नातलगांनी नेली, दुसऱ्या खेपेची दोन मेली आणि दोन शेजारच्या इमारतीत गेली. तिसऱ्या खेपेची चार पिल्ले मुलाने खोक्यात घालून मच्छीबाजाराजवळ सोडली. ‘तिथे खायला मिळेल’ असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः पाहायला गेल्या, तर खोके रिकामे होते आणि रस्त्याच्या कडेला एक पिल्लू चिरडून पडले होते. दरम्यान सोसायटीने सूचना लावली, की जनावरे पाळणाऱ्यांनी लसीकरणाचे आणि नसबंदीचे प्रमाणपत्र दाखवावे. पशुवैद्य म्हणतात, शस्त्रक्रिया करून घ्या. सासूबाई म्हणतात, “अल्लाहने दिलेली कूस आपण कशी बंद करायची? आपल्या मसलकात हे हराम आहे.” त्या भगिनींनी शेवटी विचारले, “मग यातले मोठे पाप कोणते?”

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येईल, पण ते पुरेसे होणार नाही. या प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. एक, अल्लाहने निर्माण केलेल्या जिवाची प्रजननशक्ती काढून घेण्याचा अधिकार माणसाला आहे काय? दोन, असलाच तर तो कोणत्या कारणासाठी आणि किती? तीन, राज्यव्यवस्था अशी सक्ती करू लागली, तर श्रद्धावंताने तिच्याकडे कसे पाहावे? पुढील विवेचन हा फतवा नव्हे. आपापल्या उलेमांना विचारूनच आचरण ठरवावे. मात्र विचारायला जाण्यापूर्वी प्रश्न नीट समजून घेणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात 1960 पासून आहे. त्याच्या आधारे केंद्र सरकारने 2001 मध्ये भटक्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले. त्यांच्या जागी मार्च 2023 मध्ये नवे नियम आले. या नियमांची मूळ कल्पना सरळ आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना मारायचे नाही. त्यांना पकडून नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलले तिथेच परत सोडायचे. ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे आपल्याकडे वसई-विरार शहर महानगरपालिकेची. पाळीव जनावरांच्या बाबतीत मात्र जंतनाशक औषध, लसीकरण आणि नसबंदी या तिन्हींचा भार त्याच नियमांनी मालकावर टाकला आहे. म्हणजे ‘माझे मांजर, माझी मर्जी’ एवढ्यावर आता विषय संपत नाही.

2025 मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयासमोर गाजला. दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात कायमची ठेवावीत, असा आदेश 11 ऑगस्टला झाला. 22 ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या जागी परत सोडावीत, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री तेवढी वेगळी ठेवावीत, असे ठरले. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथे परत सोडू नयेत, असे निर्देश आले.

पाळीव जनावरांवरील सक्तीचेही एक उदाहरण ताजे आहे. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने तेवीस आक्रमक जातींच्या कुत्र्यांच्या विक्रीवर व पैदाशीवर बंदी घालण्यास आणि ज्यांच्या घरी ती आधीपासून आहेत त्यांच्याकडून नसबंदी करवून घेण्यास राज्यांना सांगितले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता हे परिपत्रक काढले गेले, म्हणून एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवले. नसबंदी योग्य की अयोग्य हा मुद्दा त्या निकालांत नव्हता. ज्यांच्यावर सक्ती करायची त्यांना विचारले होते काय, हा मुद्दा होता. शूरा, म्हणजे परस्पर विचारविनिमय, हे तत्त्व ज्यांच्या धर्माचा भाग आहे, त्यांना या भेदाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

सासूबाईंचे म्हणणे हलके नाही

शहरी सुशिक्षित मनाला सासूबाईंचा आक्षेप अडाणीपणाचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही. त्यामागे दिव्य कुरआनचा आधार आहे आणि मोठ्या इमामांचे मत आहे.

सूरह अन-निसाच्या 119व्या आयतीत सैतानाचा संकल्प सांगितला आहे. तो माणसांना जनावरांचे कान चिरायला लावील आणि अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला लावील, असे तो म्हणतो. हा बदल कोणता, यावर भाष्यकारांत मतभेद आहे. काही सहाबा आणि ताबिईन यांनी त्याचा अर्थ जनावरे खच्ची करणे असाच घेतला. इतरांनी अल्लाहचा दीन बदलणे, हलालला हराम आणि हरामला हलाल ठरवणे, असा घेतला आणि इमाम तबरी यांनी या दुसऱ्या अर्थाला पसंती दिली. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) जनावर खच्ची करणे नापसंत करीत, असे इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये नोंदले आहे. निर्मितीची पूर्णता त्या अवयवात आहे, असे कारण ते देत.

कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मसलकाचे आहेत. सोपारा, वसई, भिवंडी, कल्याण या पट्ट्यात ही परंपरा जुनी आहे. याच मसलकाचे थोर विद्वान इमाम नववी यांनी लिहिले आहे, की ज्याचे मांस खाल्ले जात नाही असे जनावर खच्ची करणे निषिद्ध आहे आणि ज्याचे खाल्ले जाते ते लहान असतानाच तसे करणे अनुज्ञेय आहे. मांजर आणि कुत्रा या वाटणीत कुठे बसतात हे उघड आहे. सासूबाईंनी हे ग्रंथ वाचले नसतील, पण पिढ्यान्‌पिढ्या घरात झिरपत आलेले मत त्या बोलत होत्या.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांच्या ‘कवाइदुल अहकाम’ या ग्रंथात आहे. हेही शाफईच होते आणि हिजरी 660 मध्ये त्यांचे निधन झाले. या ग्रंथात त्यांनी माणसावर असलेले जनावरांचे हक्क एकामागून एक सांगितले आहेत. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी ठरले तरी त्याला चारा द्यावा, पेलणार नाही एवढे ओझे लादू नये, त्याला इजा करणाऱ्या जनावरांबरोबर कोंडू नये, त्याच्या देखत त्याचे पिल्लू कापू नये. याच यादीत आणखी एक हक्क आहे, की माजाच्या काळात नरमादीला एकत्र येऊ द्यावे. आजपासून साडेसातशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मुस्लिम विद्वानाने मुक्या जिवाच्या या गरजेला ‘हक्क’ म्हटले आहे. नसबंदीचे समर्थन करायचे असेल, तर या हक्काला उत्तर द्यावे लागेल. त्याच्याकडे काणाडोळा करून चालणार नाही.

दुसरी बाजू

आता दुसरी बाजू पाहू. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन खच्ची केलेल्या मेंढ्यांची कुर्बानी दिल्याची हदीस इब्ने माजा आणि इतर संग्रहांत आहे. बकरी ईदला आपण खस्सी बोकड शोधतो, त्याचे मूळ इथे आहे. आपल्या राज्यातील शेतकऱ्याने खोंड बडवून त्याचा बैल केला नसता, तर औताला जनावर मिळाले नसते. खच्ची करणे हे सर्वस्वी आणि सर्व स्थितीत पाप असते, तर कुर्बानीसारख्या इबादतीत असे जनावर पसंत केले गेले नसते, असा युक्तिवाद फुकहांनी केला आहे.

हनफी मसलकाने हा विचार पुढे नेला. ‘दुर्रे मुख्तार’ या प्रमाणग्रंथात जनावर, अगदी मांजरदेखील, खच्ची करणे अनुज्ञेय म्हटले आहे. मात्र त्याला एक अट जोडली आहे, की त्यात लाभ असावा, अन्यथा ते हराम आहे. हा लाभ केवळ मांसाचा नव्हे, उपद्रव टाळणे हाही त्यात येतो. आधुनिक काळात सौदी विद्वान शेख इब्न उसैमीन यांनीही मांजरांची संख्या वाढून त्रास होत असेल आणि शस्त्रक्रियेने त्यांना इजा होत नसेल, तर त्यात हरकत नाही, जन्मल्यानंतर मारण्यापेक्षा हे बरे, असे मत दिले आहे.

कानाच्या खुणेचाही इथे उल्लेख केला पाहिजे. रस्त्यावरील कुत्र्याची नसबंदी झाली, की त्याच्या कानाला छोटी खाच पाडतात. सैतानाच्या संकल्पात नेमके कानच आल्याने काहींच्या मनात शंका येते. इस्लामपूर्व अरब लोक मूर्तींच्या नावाने सोडलेल्या उंटिणींचे कान चिरीत. त्या जनावराचा उपयोग स्वतःवर निषिद्ध करीत आणि ते अल्लाहने सांगितले आहे असे मानीत. सूरह अल-माइदाच्या 103व्या आयतीने ही प्रथा खोडून काढली. कुत्र्याच्या कानावरची खाच ओळखीसाठी आहे. ती नसली तर तोच कुत्रा पुन्हा पकडला जाईल आणि त्याचे पोट पुन्हा फाडले जाईल. खुद्द प्रेषितांना (स.) मेंढ्यांच्या कानांवर खूण करताना पाहिल्याचे हजरत अनस (रजि.) यांचे कथन बुखारी व मुस्लिम या संग्रहांत आहे. चेहऱ्यावर डाग देण्यास मात्र प्रेषितांनी (स.) सक्त मनाई केली. म्हणजे खूण करण्यास नकार नाही. ती कुठे, कशासाठी आणि किती वेदना देऊन केली जाते, याचा हिशेब मात्र आहे.

प्रजनन थांबवणे आणि जीव मारणे

काही जणांना वाटते, नसबंदी म्हणजे जन्माला येणाऱ्या जिवांची हत्याच. हा विचार तपासून पाहिला पाहिजे. जो जीव अस्तित्वात आलाच नाही, त्याला मारले असे म्हणता येत नाही. सहाबांच्या काळात अज्ल, म्हणजे गर्भधारणा टाळण्याचा एक उपाय, केला जात असे आणि त्यांना त्यापासून रोखले गेले नाही, हे हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनावरून कळते. तथापि माणसाच्या बाबतीत खच्ची करणे मात्र सर्वसंमतीने हराम आहे. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांनी संन्यस्त राहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती नाकारली.

मग माणसाला जे हराम, ते जनावराला हलाल कसे? माणसाला अल्लाहने बुद्धी दिली आहे आणि निर्बंध पाळण्याचे सामर्थ्य दिले आहे. तो विवाह करतो, अपत्यांची जबाबदारी घेतो आणि स्वतःला आवरू शकतो. म्हणून त्याचे सामर्थ्य काढून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मांजरीला ते सामर्थ्य नाही. ती पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते. रानात तिची संख्या भूक, रोगराई आणि मोठी जनावरे आवरतात. आपण तिला घरात आणले, अन्न दिले, शत्रूंपासून वाचवले. निसर्गातील तोल, ज्याला कुरआनने सूरह अर-रहमानमध्ये ‘मीजान’ म्हटले आहे, आपणच तिच्या बाजूने हलवला. आता तो पुन्हा साधण्याची जबाबदारीही आपलीच नाही काय? तिच्या वतीने विचार करणारी बुद्धी त्या घरात आपल्याकडेच आहे.

इमाम इज्जुद्दीन यांनी सांगितलेल्या हक्काचे उत्तरही इथेच सापडते. त्यांचा संपूर्ण ग्रंथ मसलहत आणि मफसदा, म्हणजे हित आणि अपाय, यांची तुलना करण्याविषयी आहे. दोन अपाय समोर उभे ठाकले, तर मोठा टाळण्यासाठी लहान पत्करावा, ही त्यातील मुख्य शिकवण आहे. एका मांजरीचा नराजवळ जाण्याचा हक्क एका पारड्यात आहे. दुसऱ्या पारड्यात तिच्या पोटी जन्मणाऱ्या पिल्लांचा उपाशी न मरण्याचा हक्क, वारंवारच्या बाळंतपणाने खंगणाऱ्या तिच्याच शरीराचा हक्क आणि शेजाऱ्याचा हक्क आहे. पिल्लांना चांगले घर मिळत असेल, तर पहिले पारडे जड आहे. ती मच्छीबाजाराच्या कडेला चिरडली जाणार असतील, तर दुसरे जड आहे.

खरा गुन्हा कुठे घडतो?

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे परत येऊ. मोठे पाप कोणते? एका स्त्रीने मांजर बांधून ठेवले, तिला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळेही सोडले नाही, ती मेली आणि त्यामुळे ती स्त्री नरकाग्नीची धनी झाली, ही बुखारी व मुस्लिममधील हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. आपण ती ऐकतो आणि मनात म्हणतो, मी तर मांजर बांधून ठेवत नाही. परंतु दोन आठवड्यांची, डोळे नीट न उघडलेली पिल्ले खोक्यात घालून बाजारात ठेवणे म्हणजे काय? त्या पिल्लांना कोणी खाऊ घातले नाही आणि स्वतः खाण्याची त्यांची शक्तीही नव्हती. त्या स्त्रीने दोरी वापरली, आपण अंतर वापरले. फरक एवढाच, की आपल्या डोळ्यांसमोर ती मरत नाहीत.

आपल्या वस्त्यांत हे सर्रास घडते. मादी पिल्ले वेगळी काढून पुलाखाली सोडतात, कारण ती पुढे वितील. ज्या घरात ‘नसबंदी हराम आहे’ असे ठामपणे सांगितले जाते, त्याच घरातून कधी कधी हे खोके बाहेर पडते. एका निषिद्धाबद्दल एवढी जागरूकता आणि दुसऱ्याबद्दल एवढी बेफिकिरी, ही धर्मनिष्ठा नव्हे. ज्या कृत्याविषयी विद्वानांत मतभेद आहे ते टाळण्यासाठी, ज्याविषयी कोणाचाही मतभेद नाही असे पाप आपण करून बसतो.

याला आणखी एक बाजू आहे. अलीकडे लांब केसांची विलायती मांजरे पाळण्याची हौस वाढली आहे. ती विकत घेतली जातात आणि त्यांची पिल्ले विकून पैसाही मिळवला जातो. मांजराच्या किमतीस मनाई करणारी हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. बहुतेक फुकहांनी मांजराची विक्री वैध मानली आहे हे खरे, पण ती हदीस निदान एवढे तर सांगतेच, की हा जीव बाजारातील मालासारखा वापरू नये. जो मालक पैशासाठी मांजरीला वर्षातून दोनदा विऊ देतो, त्याने ‘तिचा नैसर्गिक हक्क’ असे म्हणणे शोभत नाही.

कुत्र्याबाबत आपली कसोटी वेगळी आहे. शिकार, गुरांची राखण किंवा शेतीची राखण याखेरीज कुत्रा पाळल्यास दररोज पुण्यातून घट होते, अशी हदीस आहे. वसईच्या केळीच्या आणि भाजीच्या वाड्यांत राखणीला कुत्रा असतो, तो या सवलतीत येतो. हौसेचा कुत्रा येत नाही. परंतु कुत्रा पाळण्यावरचा हा निर्बंध कुत्र्याविषयीच्या द्वेषाचा परवाना नाही. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याला क्षमा मिळाल्याचे आपण ऐकतो. गुहेतील तरुणांच्या कथेत उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा कुरआनने विसरला नाही. कुत्रे हीदेखील उम्मतींपैकी एक उम्मत नसती, तर त्यांना मारण्याचा आदेश दिला असता, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदली आहे. सूरह अल-अनआमच्या 38व्या आयतीत जमिनीवरचा प्रत्येक प्राणी आणि आकाशातील प्रत्येक पक्षी यांना आपल्यासारखेच समूह म्हटले आहे, त्याच्याशी ही हदीस जुळते. एखादी उम्मत समूळ नष्ट करणे आपल्या अधिकारात नाही. तिची संख्या माणसांच्या वस्तीत सुसह्य ठेवणे मात्र अधिकारात येते. मुंबईत दीर्घकाळ भटकी कुत्री मारली जात आणि 1990च्या दशकात ती पद्धत सोडून नसबंदीचा मार्ग धरला गेला. त्यामागील भूतदया आपल्या शिकवणीशी विसंगत नाही.

शिवाय रेबीजचा धोका खरा आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस बहुधा वाचत नाही. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे 36 टक्के मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि बळींमध्ये लहान मुले मोठ्या प्रमाणात असतात. एखाद्या भागातील सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते. संख्या आवाक्यात असल्याशिवाय एवढे लसीकरण साधत नाही. पहाटे फजरच्या नमाजला निघालेला वृद्ध किंवा मदरशाला जाणारे मूल कुत्र्यांच्या टोळीला घाबरून मागे फिरते, तेव्हा त्याच्या जिवाचे रक्षण हेदेखील शरीअतच्या उद्दिष्टांपैकी पहिल्या पायरीचे उद्दिष्ट आहे. स्वतः अपाय सोसू नये आणि दुसऱ्याला अपाय करू नये, हा नियम दोन्ही बाजूंना लागू पडतो.

सक्ती आणि आज्ञापालन

मतभेदाच्या प्रश्नात शासकाचा निर्णय वाद मिटवतो आणि प्रजेवरील त्याचे अधिकार लोकहिताशी बांधलेले असतात, ही दोन तत्त्वे फिकहमध्ये शेजारी शेजारी आहेत. आपण ज्या देशात राहतो त्याच्या नागरिकत्वाचा करार आपण केलेला आहे आणि करार पाळण्याचा आदेश सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. जी गोष्ट एका मान्य मसलकात अटींसह अनुज्ञेय आहे, तिचा नियम लोकांच्या आरोग्यासाठी केला गेला, तर तो पाळण्यात दीनला बाधा येत नाही. शाफई घराने आपल्या उलेमांना विचारून, गरजेच्या प्रसंगी दुसऱ्या मसलकाच्या मतावर अमल करता येईल काय, हे ठरवावे. ज्याचे मन तरीही तयार होत नाही, त्याच्यासमोर दुसरा मार्ग आहे. नर आणि मादी वेगळे ठेवावेत, मादीला माजाच्या काळात घराबाहेर जाऊ देऊ नये, किंवा जनावर पाळूच नये. मात्र नसबंदीही नाही, बंदोबस्तही नाही आणि पिल्ले रस्त्यावर, हा मार्ग कोणत्याही मसलकात नाही.

सत्तेलाही तिची अट आहे. लोकहित सांगून सक्ती करायची, तर ते हित साधण्याची सोय सत्तेने केली पाहिजे. खासगी दवाखान्यातील शस्त्रक्रियेचा खर्च चाळीतील कुटुंबाला परवडत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला नोटीस द्यायची आणि स्वस्त सोय उभारायची नाही, तर परिणाम एकच होईल, तो मांजर गोणीत घालून दुसऱ्या वस्तीत सोडेल. असा नियम कागदावर पाळला जाईल आणि रस्त्यावर मोडला जाईल. सोसायट्यांनीही सूचना लावण्यापूर्वी जनावरे पाळणाऱ्यांना बोलावून घ्यावे. एकत्र खर्च वाटून घेतला, तर पाच घरांचे काम एका दिवसात होते. आपल्या जमातींनी आणि मशिदींच्या समित्यांनी यात मदत करणे हा सदका आहे. प्रत्येक सजीवाच्या सेवेत पुण्य आहे, हे प्रेषितांनी (स.) विचारणाऱ्या सहाबांना स्पष्ट सांगितले होते.

काही अटी

विवेचनातून निघणाऱ्या अटी थोडक्यात अशा. कारण खरे असावे, म्हणजे संख्या आवाक्याबाहेर जाणे, रोग, मादीची प्रकृती किंवा शेजाऱ्यांना होणारा उपद्रव. बोका रात्री ओरडतो, भिंतीवर घाण करतो एवढेच कारण असेल, तर आधी इतर उपाय पाहावेत. शस्त्रक्रिया जाणत्या पशुवैद्याकडून, पूर्ण भूल देऊनच करावी. जनावराला उत्तम रीतीने वागवावे, अगदी जबह करतानाही सुरी धारदार ठेवावी, ही ज्या दीनची शिकवण आहे, त्यात अर्धवट भुलीला जागा नाही. नंतर टाके भरून येईपर्यंत त्याची शुश्रूषा करावी. आणि नियत जनावराच्या व लोकांच्या हिताची असावी.

या सर्वांहून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नसबंदीने आपली जबाबदारी संपत नाही, ती वाढते. आपण त्या जिवाचा एक हक्क काढून घेतला. कारण योग्य होते असे मानले, तरी घेतले ते घेतलेच. त्याची भरपाई त्याला देता येणार नाही, पण इमाम इज्जुद्दीन यांच्या यादीतील उरलेले सर्व हक्क आता आपल्यावर अधिक भाराने येतात. ते म्हातारे झाले तरी खाऊ घालणे, आजारी पडले तर उपचार करणे, घर बदलताना त्याला मागे टाकून न जाणे. महापालिकेला किंवा सोसायटीला प्रमाणपत्र पुरते. अल्लाहच्या दरबारात प्रमाणपत्रानंतरच्या दहा-बारा वर्षांचा हिशेब होईल.

त्या भगिनींना आम्ही एवढेच सांगितले, की तुमच्या सासूबाईंचा आदर राखा, कारण त्या अल्लाहच्या निर्मितीची कदर करतात. त्यांना घेऊनच उलेमांकडे जा आणि मुलालाही बरोबर न्या. पिल्लू रस्त्याकडेला पडलेले पाहून तुमच्या मनाला जी टोचणी लागली, ती त्याच्याही मनाला लागू द्या. मांजर अपवित्र नाही, ती तुमच्या अवतीभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषितांनी (स.) म्हटल्याचे हजरत अबू कतादा (रजि.) सांगत आणि वजूच्या पाण्याचे भांडे तिच्यासाठी कलते करीत. आपल्या घरात वावरणाऱ्या मुक्या जिवासाठी ते भांडे कलते करण्याची समज अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.